मूर्तीखालची सही

बेळगावहून हुबळीकडे निघालं की धारवाडच्या अलीकडे बेलूरचं औद्योगिक क्षेत्र लागतं. कारखान्यांची लांबलचक कुंपणं, ट्रकांच्या रांगा, पाळी सुटायच्या वेळी फाटकातून बाहेर पडणारे कामगार. पुढे नरेंद्र क्रॉसला बायपास धरायचा, गब्बूरला तो सोडायचा आणि हावेरीच्या दिशेनं जायचं. हुबळीपासून साधारण ३० किलोमीटरवर शिग्गाव तालुक्यातलं गोटगोडी हे गाव येतं. संतकवी शिशुनाळ शरीफ याच तालुक्यातले, कनकदासांचं बाड हे जन्मगावही याच तालुक्यात. गोटगोडीत महामार्गालगत ‘उत्सव रॉक गार्डन’ आहे. नाव बागेचं असलं तरी ते उघड्यावरचं शिल्पसंग्रहालय आहे.

संपादकांनी यंदा ‘घडवणारे हात’ हा विषय दिला आणि सोबत एक प्रश्न पाठवला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या कलाकृतींचं प्रदर्शन भरतं. आपल्या मुलखात संग्रहालयात नोकरी करणारी माणसं स्वतः काय घडवतात, ते कुठे बघायला मिळेल? मला गोटगोडी आठवली. इथे कर्मचाऱ्यांच्या कामासाठी वेगळं दालन काढावं लागत नाही. जुनं काही विकत आणून काचेत ठेवलेलं नाही, राजेरजवाड्यांकडून भेट आलेलं नाही. जे मांडलं आहे ते इथे राबणाऱ्या कलावंतांच्या चमूनं घडवलेलं आहे. म्हणजे संपूर्ण संग्रहालयच कर्मचाऱ्यांचं प्रदर्शन आहे.

माणसांसारखी माणसं

आत शिरलं की आधी भेटतात डॉ. राजकुमार. कन्नड माणसाचं या नटावरचं प्रेम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. त्यांच्या गाजलेल्या भूमिका इथे शिल्परूपात उभ्या आहेत आणि येणारं प्रत्येक कुटुंब तिथे थांबून फोटो काढतं. खरी गंमत मात्र त्याच्या पुढे सुरू होते. उत्तर कर्नाटकातलं एक अख्खं गाव इथे उभं केलं आहे. शेतात राबणारी, गुरं वळणारी, मेंढरांमागे निघालेली, घरकामात बुडालेली, कारागिरीत गुंतलेली माणसं. सगळी पुऱ्या उंचीची, रंगवलेली, चेहऱ्यावर भाव असलेली. शिल्पांची संख्या हजाराच्या वर आहे.

मी इथे सर्वांत जास्त वेळ घालवला तो चेहरे बघण्यात. एका साच्यातून काढलेली माणसं लगेच ओळखू येतात. सगळ्यांची नाकं सारखी, सगळ्यांचं हसू सारखं. इथे तसं जाणवत नाही. बसलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीचा बाक, कंबरेवर घागर घेतलेल्या बाईचा एका बाजूला झुकलेला खांदा, ओझं उचलणाऱ्याच्या मानेच्या ताणलेल्या शिरा. हे ज्यानं घडवलं त्यानं ती माणसं आयुष्यभर जवळून पाहिली असणार. पुस्तकातली चित्रं बघून खांद्याचा असा तिरकेपणा साधत नाही.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडून येणारी मराठी कुटुंबंही इथे रमतात, कारण हे गाव त्यांनाही परकं वाटत नाही. मोट, नांगर, जातं, उखळ, पाटा. भाषा बदलली तरी घरातली वस्तू तीच. नातवंडांना हात धरून फिरवणाऱ्या आजीला इथे गाईडची गरज पडत नाही.

सिमेंटचा माणूस कसा उभा राहतो

अशी शिल्पं पाहणाऱ्याला त्यामागची मेहनत सहसा कळत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. पुऱ्या उंचीची सिमेंटची मूर्ती करायच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक वाट साच्याची. आधी मातीत मूर्ती घडवायची, तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा, साचा तुकड्यातुकड्यांनी सोडवायचा, आत सिमेंट किंवा फायबर भरायचं आणि सुटे भाग जोडायचे. दुसरी वाट थेट कामाची. लोखंडी सळया वाकवून आधी सांगाडा उभा करायचा. माणूस कसा बसला आहे, वजन कुठल्या पायावर आहे, मान किती कललेली आहे, याचा निर्णय इथेच होतो. सांगाडा चुकला तर वर कितीही कुशल हात फिरला तरी मूर्ती मेलेलीच राहते. सांगाड्याभोवती जाळी गुंडाळायची, तिच्यात वाळू-सिमेंटचा पहिला जाड थर दाबून बसवायचा. तो पक्का झाल्यावर दुसरा थर, आणि शेवटी बारीक चाळलेल्या वाळूचा, लोण्यासारखा मऊ हात. नाक, ओठ, पापण्या, हातावरच्या शिरा या थरात उमटतात.

सिमेंट कुणासाठी थांबत नाही. माती ओल्या फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेता येते, सिमेंट काही तासांत आवळतं. म्हणून मिस्तरी तेवढाच माल कालवतो जेवढा त्या बैठकीत लावून होईल. चेहरा एका दमात उतरवावा लागतो. मग अनेक दिवस पाणी मारत राहायचं, नाहीतर तडे जातात. बोटं सर्वांत अवघड, कारण बारीक तारेवर सिमेंट धरत नाही आणि धरलं तरी पहिल्या धक्क्याला निखळतं. नेसत्या वस्त्राच्या चुण्यांसाठी काही कारागीर जुनं कापड सिमेंटच्या पातळ काल्यात बुडवून मूर्तीवर पांघरतात आणि तसंच वाळू देतात. शेवटी रंग. त्वचेचा रंग एका डब्यातून येत नाही. उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या कपाळाचा आणि पोटऱ्यांचा रंग वेगळा, डोक्याला रुमाल बांधणाऱ्याच्या कपाळावर तर रंगाची रेघच असते.

आणि मूर्ती उभी राहिली म्हणून काम संपत नाही. उघड्यावरच्या संग्रहालयाला छप्पर नसतं. पावसाळ्यात शेवाळ धरतं, उन्हाळ्यात रंग उडतो, सहलीला आलेली मुलं मेंढराच्या पाठीवर बसतात, कुणीतरी म्हाताऱ्याच्या हातातली काठी हलवून बघतं. त्यामुळे अशा जागी काम करणाऱ्याला एकाच वेळी मूर्तिकार, रंगारी, गवंडी, माळी आणि राखणदार व्हावं लागतं. मोठ्या संग्रहालयात संवर्धक नावाचा स्वतंत्र अधिकारी असतो, प्रयोगशाळा असते. इथे एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश आणि कमरेला थापी, एवढ्यावर संवर्धन होतं. ते काम मला कमी दर्जाचं वाटत नाही.

एका चित्रकाराचा हट्ट

या सगळ्यामागची कल्पना टी. बी. सोलबक्कनवर यांची. चित्रकार, शिल्पकार आणि दोड्डाटाचे जाणकार. दोड्डाट म्हणजे उत्तर कर्नाटकातला रात्रभर चालणारा मोकळ्या मैदानातला लोकनाट्यप्रकार. भरजरी मुकुट, खांद्यांवर भुजकीर्ती, जोरकस पावलं आणि पौराणिक कथा. मराठी वाचकाला हे अगदीच अनोळखी नाही. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगली दरबारनं पाहिले होते. मराठी नाटकाची एक मुळी या मातीत आहे. सोलबक्कनवरांनी विरत चाललेला दोड्डाट पुन्हा उभा करायला खूप कष्ट घेतले. दोड्डाटात एक माणूस सगळं करू शकत नाही. भागवत लागतो, मृदंगवाला लागतो, वेश रंगवणारा लागतो. शिल्पांचं हे गाव उभं करतानाही त्यांनी तसाच संच जमवला असं मला वाटतं. दासनूर समूहाचं पाठबळ मिळालं आणि २००९ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. पुढे याच गोटगोडीत कर्नाटक जानपद विद्यापीठही आलं. सोलबक्कनवर २०२० मध्ये गेले.

त्यांचं नाव आज या जागेशी कायमचं जोडलं गेलं आहे आणि ते रास्तच आहे. माझा प्रश्न त्यांच्यामागे उभ्या असलेल्या हातांचा आहे. एखाद्या संग्रहालयाची बातमी येते, माहितीपत्रक निघतं, तेव्हा त्यात कल्पना कुणाची हे असतं, पैसा कुणाचा हे असतं, उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं हेही असतं. सळई वाकवणाऱ्याचं, साचा सोडवणाऱ्याचं, हजार चेहऱ्यांचे डोळे रंगवणाऱ्याचं नाव सहसा नसतं. ही कुठल्या एका जागेची तक्रार नाही. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय पाहा. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, सात एकरांवर पसरलेलं गाव, आणि लोक त्याला प्रेमानं ‘वॅक्स म्युझियम’ म्हणतात, जरी तिथे मेण नाही, सिमेंट आहे. लाखो मराठी माणसांनी ते पाहिलं. त्यातला लोहार, कुंभार, न्हावी सगळ्यांना आठवतो. तो घडवणारा मूर्तिकार कोण, हे किती जणांना सांगता येईल?

पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसलेले चित्रकार

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय १९३५ पासून कर्मचाऱ्यांचं प्रदर्शन भरवत आलं आहे. पण तब्बल ८७ वर्षं ते घरातल्या घरातच राहिलं. सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांचं काम बघायचं, बाहेरच्या प्रेक्षकाला दार बंद. जून २०२२ मध्ये ते पहिल्यांदा सर्वांसाठी खुलं झालं. दोन आठवडे, साडेचारशेहून अधिक कलाकृती. दालनात उभे राहणारे रक्षक, ग्रंथपाल, तंत्रज्ञ, कार्यालयातले कर्मचारी, सगळ्यांची चित्रं-शिल्पं भिंतीवर शेजारीशेजारी. ज्या इमारतीत जगातल्या थोरांची चित्रं आहेत, त्याच इमारतीत ती चित्रं सांभाळणाऱ्यांची चित्रं लागली. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयानं १७ सुरक्षारक्षकांना संग्रहातून स्वतःच्या आवडीच्या कलाकृती निवडून प्रदर्शन मांडायला सांगितलं. दिवसाचे आठ तास चित्रासमोर उभा राहणारा माणूस त्या चित्राबद्दल काय म्हणतो, हे कुणीतरी अखेर विचारलं.

विचारायला हवंच होतं, कारण इतिहास तसा आहे. रॉबर्ट रायमन न्यूयॉर्कला आला तो जॅझमध्ये सॅक्सोफोन वाजवायला. पोटासाठी त्यानं म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये रक्षकाची नोकरी धरली, १९५३ ते १९६०. रोज मातीस आणि रॉथको यांच्या चित्रांसमोर उभं राहून त्याला रंग कळला आणि तो चित्रकार झाला. १९९३ मध्ये त्याच संग्रहालयानं त्याच्या कामाचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. डॅन फ्लाविन तिथे रक्षक होता आणि लिफ्टही चालवायचा, सोल लेविट रात्रीच्या स्वागतकक्षात बसायचा. पुढे विसाव्या शतकातल्या कलेला वळण लावणारी ही माणसं एकेकाळी एकाच इमारतीत गणवेशात किंवा टेबलामागे होती.

आपल्याकडे नोकरी आणि कला यांची ही जोडी नवी नाही. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करता करता मोठे झाले. धारवाडमध्येच जी. ए. कुलकर्णी महाविद्यालयात इंग्रजी शिकवत, कथा लिहीत आणि चित्रंही काढत. माझ्या मनात येतं ते संग्रहालयांच्या दालनांत स्टुलावर बसलेल्या अटेंडंटबद्दल. दहा ते साडेपाच तो बसतो, ‘हात लावू नका’ म्हणतो, बंद व्हायच्या वेळी दिवे मालवतो. त्याच्या पिशवीत काय आहे, घरी तो रांगोळी काढतो की गणपती घडवतो की भिंती रंगवतो, हे त्याच्या साहेबालाही ठाऊक नसतं.

ग्रिफिथ्सची मुलं

घडवणारे हात विसरले जाण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट अजिंठ्याला घडली. सर जमशेटजी जीजीभाय कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात काम सुरू केलं. अंधारी लेणी, वटवाघळं, जंगल, ताप. मुंबईची मुलं वर्षानुवर्षं तिथे जाऊन भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रती करत राहिली, १८८५ पर्यंत. त्या लंडनला गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. १८९६-९७ मध्ये दोन भव्य खंड निघाले, मुखपृष्ठावर नाव ग्रिफिथ्सचं. पेस्तनजी बोमनजी हे त्या मुलांतले एक. ते स्वतः नामवंत चित्रकार झाले म्हणून आपल्याला माहीत आहेत. इतरांची नावं अभ्यासकांपुरती उरली.

१९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरकडचे के. वेंकटप्पा होते, आणि हैदराबाद संस्थानातून सय्यद अहमद होते. हे सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. ज्या चित्रांची राखण करायची त्याच चित्रांच्या प्रती करायच्या, म्हणजे पहारा आणि रियाज एकाच जागी. आजचा रक्षक लेण्यात टॉर्चचा झोत नीट धरायला सांगतो, त्या परंपरेच्या मुळाशी असा एक चित्रकार उभा आहे.

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्येच उघडलं. तिथे मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या, व्यवसायांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. पगडीची घडी, धोतराचा काष्टा, हातातलं अवजार, सगळं इतकं अचूक की आज वेशभूषेच्या अभ्यासाला त्याच कामी येतात. संग्रहालयाचे क्युरेटर सेसिल बर्न्स हे जे. जे. कलाशाळेचेही प्राचार्य होते, त्यामुळे शाळा आणि संग्रहालय यांच्यात फारसं अंतर नव्हतं. बर्न्स यांचं नाव राहिलं. माती मळणारे, पगडीच्या घड्या सुईनं कोरणारे हात विसरले गेले.

धारवाडची चित्रकला याच मुंबईशी जोडलेली आहे. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. दत्तात्रेय हालभावी मुंबईच्या जे. जे.त शिकून आले आणि त्यांनी धारवाडला कलाशाळा काढली. गोटगोडीच्या आसपास आज जो चित्रकारांचा वर्ग दिसतो त्याची वाट अशा शाळांवरून आलेली आहे.

बेलूरचा दासोज

धारवाडच्या बेलूरचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला हासन जिल्ह्यातलं बेलूर आठवतं, होयसळांचं. तिथे राजा विष्णुवर्धनानं १११७ मध्ये चेन्नकेशवाचं मंदिर प्रतिष्ठित केलं. मंदिराच्या छपराखाली तिरक्या बसवलेल्या मदनिका जगप्रसिद्ध आहेत. आरसा धरलेली, पोपटाशी बोलणारी, नाचणारी. मला या लेखासाठी त्यांच्या सौंदर्याहून त्यांच्या पायाखालची अक्षरं महत्त्वाची वाटतात. बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांनी आपल्या मदनिकांवर आपली नावं कोरली. चार मदनिका दासोजाच्या, पाच चावणाच्या, असं त्यावरून सांगता येतं. होयसळ मंदिरांत इतर शिल्पींच्याही अशा सह्या मिळतात, मल्लितम्माचं नाव तर अनेक मंदिरांत येतं.

म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या पैशानं बांधलेल्या मंदिरात, राजाच्या शिलालेखाशेजारी, पगारी कारागिराला स्वतःचं नाव आणि गाव लिहायला मुभा होती. त्या सह्यांमुळे आज एका कारागिराची शैली दुसऱ्यापासून वेगळी काढता येते, बाप-लेकाचा हात ओळखता येतो. देवाचं मोठेपण त्यानं कमी झालं नाही, राजाचंही नाही.

एक भिंत, एक महिना

कर्मचाऱ्यांचं प्रदर्शन भरवायला खर्च किती येतो? रिकामी भिंत, खिळे, दोरी, दिवे आणि पाटी छापायचा कागद. कागदावरची आणि कापडावरची कामं असतील तर उजेड ५० लक्सपर्यंत ठेवायचा, हे संग्रहालयातल्या लोकांना ठाऊकच असतं. टांगणं, मापं घेणं, राखणं, उचलणं हे त्यांचं रोजचं काम आहे. या बाबतीत त्यांच्याइतका तयार चमू दुसऱ्या कुठल्याही प्रदर्शनाला मिळत नाही. निवड समिती नको. ज्याला द्यायचं आहे त्याचं लावायचं. झाडूवाल्या बाईची गोधडी आणि संवर्धकाचं जलरंगचित्र शेजारी लागू दे. सुट्टीच्या दिवशी चित्रकारानं आपल्या चित्रासमोर उभं राहावं आणि त्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये, एवढी सोय कार्यालयानं करावी.

पाटी मात्र पूर्ण हवी. नाव, गाव, संग्रहालयात काम काय आणि किती वर्षांचं, कलाकृती कशाची आणि कशी केली. गोटगोडी किंवा कणेरीसारख्या जागी, जिथे सगळंच तिथल्या कारागिरांनी घडवलेलं असतं, तिथे प्रत्येक दृश्याशेजारी ते घडवणाऱ्यांची नावं असावीत. सांगाडा कुणाचा, चेहरा कुणाचा, रंग कुणाचा. ज्यांनी ते केलं त्यांच्यातले बरेच जण अजून आपल्यात आहेत, विचारलं तर सांगतील. आणखी वीस वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही.

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. मुंबई, पुणे, कोल्हापूर, औंध, नागपूर, संभाजीनगर, धारवाड, जिथे जिथे संग्रहालय आहे तिथल्या संचालकांना माझी विनंती आहे की येत्या १८ मेला एक दालन महिनाभर आपल्या कर्मचाऱ्यांना द्या. आणि वाचकांनो, पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात की दालनातल्या स्टुलावर बसलेल्या माणसाला त्याचं नाव विचारा, आणि तो स्वतः काही काढतो का, काही घडवतो का, तेही विचारा.